करकर आणि दोरी

ती. मामांना सा. न.

कमी पगाराच्या नोकरीवर माणसाचा जीव का जडतो? मामा, तुमच्या या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. (घरातली पहिली पदवीधर म्हणून मला सगळं येतं असा बाबांचा समज आहे, त्यांना कळवू नये.) तुमचा गुडघा जिने चढू देतो ना? मामी बरी आहे ना?

आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात डोक्यावरून एक दोरी जाते. खोट दिसली की कुणीही ती ओढावी, सगळं काम थांबतं. ‘कुणीही’ म्हणजे मीसुद्धा, या कल्पनेने मी इतकी भारावले की पहिल्याच आठवड्यात ओढली. कुठेतरी करकर ऐकू येत होती. काम थांबलं, खुर्च्या उलट्या झाल्या, सुपरवायझर टेबलाखाली रांगले. मी मदतीला धावले, तशी करकरही माझ्याबरोबर धावली. माझ्या नव्या चपला होत्या. (तुम्हीच घेऊन दिलेल्या. राग नाही.) वाटलं, आता गाशा गुंडाळावा. पण सुपरवायझर कपडे झटकत एवढंच म्हणाले, “कान शाबूत आहेत बाईंचे. चपलांना तेल घाला.” पुढे मी भीतीने दोरीला हातच लावेना, तेव्हा मात्र चिडले. “अधिकार दिलाय तो काय लोणचं घालायला?” मग मी दोरी ओढून खुर्चीचा एक खरोखरच तडकलेला पाय पकडला आणि शिलाईवरच्या मावशी सगळ्यांना सांगत सुटल्या, “आमच्या करकरबाईंनी पकडला बरं का.” मामा, पदवी घेतानाही माझी मान इतकी ताठ नव्हती.

तरी तुमच्या शब्दाखातर तुमच्या मित्रांच्या कचेरीत मुलाखतीला गेले. गार हवा, मऊ गालिचा, दुप्पट पगार (आईने तो गल्लीभर सांगूनही टाकलाय). मी विचारलं, काही चुकताना दिसलं तर काय करायचं? साहेब म्हणाले, “वर कळवायचं. चुकतंय की नाही, ते वरचे ठरवतील.” आणि मागे रेलले. करकर झाली. मी खाली पाहिलं. माझ्या चपला गप्प होत्या.

असो. तुमच्या सल्ल्यानेच काय ते ठरवीन.

तुमची भाची

ता. क. आईला तुम्हीच समजवाल का? ती तुमच्या शब्दाबाहेर नाही.

आणखी एक. वर ‘ठरवीन’ लिहिलंय ते आदरापोटी. मी तिथेच नाही म्हटलं, साहेबांना उठवलं, पर्समधल्या पान्याने त्यांच्या खुर्चीचा सैल नट आवळला आणि मगच निघाले.