दौलतची जागा

१ नोव्हेंबर १९५४, कल्याण
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजअखेर: बास्केटबॉलचा फळा, सहा फूट बाय चार, चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचा (रंगाचे तीन हात देऊनही ‘उलटे ठेवू नये’ वाचता येते). लोखंडी कडे, अठरा इंच व्यासाचे; सतरा पूर्णांक सात अष्टमांश भरते, पण उन्हात वाढते. जाळे, एकशे आठ गाठी. गुणफलक, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे काटे लावून. नियमांची वही, अडतीस पाने, इंग्रजी पुस्तकावरून. मूळ पुस्तकाची शेवटची पाने वाळवीने नेली, ती मी तर्काने भरली.
घड्याळदुरुस्तीही मी कोणाकडे शिकलो नाही. तरी पारनाक्यावर माझे दुकान एकोणीस वर्षे चालू आहे.

४ नोव्हेंबर
आमच्या संघातली सगळी मुले रेल्वेतली. मार्गदर्शक मी. आज कॅप्टन आनंदने (बुकिंग क्लार्क, हुशार पण घाईचा) नवा गडी आणला. दौलत, खडवलीचा, यार्डात सांधेवाला (गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा). उंची सहा फूट सव्वातीन इंच. मी दोनदा मोजली. हात वर केला की आठ फूट दोन. एवढा देह, पण पळतो हरणासारखा, पास अचूक, लांबूनही बास्केट टाकतो.
असा माणूस कुठल्या जागेवर खेळवावा? सेंटर, फॉरवर्ड की गार्ड? आनंद म्हणाला, काका, उंच आहे, बास्केटखाली उभा करा, झालं. हे वरवरचे मत झाले. मी शास्त्रशुद्ध निर्णय घेईन. मुदत आठ दिवस.

७ नोव्हेंबर
ठरले. सेंटर. निर्णय अंतिम.

९ नोव्हेंबर
सेंटर नव्हे. काल त्याने मागून चेंडू उचलून एकट्याने मैदान पार केले, साडेचार सेकंदांत. असा माणूस बास्केटखाली खांबासारखा उभा करणे म्हणजे सोन्याच्या घड्याळाला सुतळीचा पट्टा. गार्ड. अंतिम.

१२ नोव्हेंबर
डाव्या कोपऱ्यातून अकरापैकी आठ. फॉरवर्ड?
मुदत वाढवली आहे.

१५ नोव्हेंबर
दौलत सराव संपल्यावर थांबला. म्हणाला, काका, मला एक जागा सांगा, तिथं मरेपर्यंत उभा र्‍हातो. यार्डात पण आमचा सांधा ठरलेला असतो. रोज नवीन जागा दिली तर गाड्या पडतील ना.
मी समजावले, की त्याचे गुण एका जागेत मावणारे नाहीत. तो म्हणाला, मी मावतो की. साधा माणूस आहे.
घरी सांगितले तर मंदाकिनी म्हणाली, अहो, तो माणूस आहे की आपलं कपाट, दर दोन दिवसांनी जागा बदलताय? गेल्या महिन्यात कपाट चारदा हलवले हे खरे. पण चौथी जागा उत्तम होती.

१९ नोव्हेंबर
बातमी वाईट. ठाण्याच्या एका मिलचा संघ दौलतवर डोळा ठेवून आहे. मिलमध्ये नोकरी, राहायला खोली आणि पायात कॅनव्हासचे बूट. आनंद म्हणाला, काका, त्याला काय ते एकदा पक्कं सांगा, नाहीतर हातचा जाईल. आणि तो गेला तर यंदाची शील्ड स्पर्धा जिंकायचं नाव काढू नका.
दौलत जाणार नाही. त्याला माझ्यासारखा मार्गदर्शक कुठे मिळणार?

२१ नोव्हेंबर, पहाटे ५.४०
उत्तर सापडले! जागा निवडायचीच नाही. तिन्ही द्यायच्या. दर चार मिनिटांनी बदल. आधी सेंटर, मग गार्ड, मग फॉरवर्ड. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, म्हणजे एकूण दहा पाळ्या. तक्ता केला. तो बदलला की बाकी चौघे कुठे सरकायचे, तेही लिहिले (एकवीस कलमे).
इतके सोपे कोणाला कसे सुचले नाही?

२४ नोव्हेंबर
सरावात तक्ता चालला. मी ओरडून सांगत होतो, मुले बदलत होती. एकदा दोघांची डोकी आपटली, पण ती चूक सोळाव्या कलमाची.
अडचण एकच. सामन्यात गोंगाट असतो, आवाज पोचणार नाही. शिट्टी पंचाची. तेव्हा निशाणे. पांढरे म्हणजे सेंटर, हिरवे म्हणजे गार्ड, लाल म्हणजे फॉरवर्ड. कापड मंदाकिनीच्या जुन्या लुगड्यांचे, शिवण माझी.

२७ नोव्हेंबर
निशाणे तयार. सामना उद्या, आपल्याच मैदानावर, त्याच मिलच्या संघाशी. आनंदला दाखवली. त्याचा चेहरा उतरला. काका, लाल नको. आपली पोरं यार्डातली आहेत.
मी म्हटले, नव्वद फुटांवरून सर्वांत ठळक लाल दिसतो, मी मोजून पाहिले आहे. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी.
काय म्हणायचे होते, कळले नाही. तरुण माणसे वाक्य पुरे करत नाहीत.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळ
हरलो. ४१–१७. कारणे:
पहिली आठ मिनिटे उत्तम. पांढरे, मग हिरवे. आपण १०–६ पुढे. आठव्या मिनिटाला दौलत चेंडू घेऊन सुसाट निघाला आणि मी लाल दाखवले.
दौलत जागच्या जागी उभा राहिला. बाकीचे तिघे यार्डवालेही. एकटा आनंद पळत होता, तोही वळून बघायला लागला. मिलच्या एका माणसाने दौलतच्या हातातून चेंडू अलगद काढून घेतला आणि बास्केट केली.
मला वाटले, निशाण दिसले नसेल. म्हणून जोरजोरात हलवले. तसे ते आणखी ताठ उभे राहिले. मैदानामागच्या रुळावरून एक इंजिन येत होते, तेही थांबले. ड्रायव्हर खाली उतरून विचारायला आला, काय झालं, कोण पडलं?
पुढे लाल दिसेल म्हणून मुले पळायलाच तयार नव्हती.
विचारांती: लाल दाखवल्यापासून दौलत पूर्ण थांबेपर्यंत सव्वा सेकंद. सव्वा फुटाचे पाऊल असलेल्या माणसाला ही कामगिरी असामान्य. पद्धतीत दोष नाही. रंगात थोडा आहे.

३० नोव्हेंबर
मिलचे सेक्रेटरी सामन्यानंतर दौलतशी वीस मिनिटे बोलत होते म्हणे. दौलतला विचारले. म्हणाला, विचार करतोय, काका. मी त्याला नवे निळे निशाण दाखवले. त्याने निशाणाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग म्हणाला, पाणी पिऊन येतो.
आला नाही. नळ दूर आहे.

१६ डिसेंबर
दौलत कालपासून मिलमध्ये रुजू.
मुले माझ्याशी नीट बोलत नाहीत. आनंद दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडतो.

२६ डिसेंबर
परतीचा सामना, ठाण्याला. मी स्वखर्चाने गेलो. दौलत चाळीस मिनिटे बास्केटखाली उभा. सेंटर, फक्त सेंटर. कोणी काही ओरडत नव्हते. तो एकदा हसलाही. एकतीस गुण त्याचे एकट्याचे. आपले सगळ्यांचे मिळून एकवीस.
परतताना दौलत फाटकापाशी भेटला. वाकून नमस्कार केला. म्हणाला, काका, बरे आहात ना? मी म्हटले, तुझी खरी जागा डावा गार्ड. तो हो म्हणाला. फार सभ्य मुलगा.
नोंद पुरी असावी म्हणून लिहून ठेवतो. तीन डिसेंबरला आनंद दुकानात आला होता. दौलत आपल्या संघात राहायला कबूल होता, अट एकच: शील्डचे सामने संपेपर्यंत मी नाशिकला मेहुण्याकडे जाऊन राहावे. जाण्यायेण्याच्या भाड्यासाठी आणि वरखर्चासाठी मुलांनी वर्गणी काढली होती. मी तत्त्व म्हणून साफ नकार दिला. रक्कम अकरा रुपये चार आणे. पाच रुपये दौलतचे, सहा बाकीच्यांचे, चार आणे मंदाकिनीचे.