धोंड्याच्या आमंत्रणाला दहापैकी तीन

पाथर्डी, गुरुवार

तीर्थरूप मामांच्या चरणी जावई गहिनीनाथ याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार नुसता कागदावरचा नाही. खोलीत कोणी नव्हतं म्हणून खरोखर सोनईच्या दिशेनं घातला आणि कंबरेत उसण भरली.) आपल्या गुडघ्याला उतार पडला असेल, मामींचा खोकला थांबला असेल आणि तांबडी गाय पुन्हा दूध देऊ लागली असेल, अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे. हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं पूर्ण आहे.

मोबाईल असताना कागद कशाला, असं आपल्याला वाटेल. घरच्या ग्रुपवर तेवीस माणसं आहेत, जे झालं ते त्या सगळ्यांसमोर झालं, आणि तिथं पुन्हा तोंड उघडायची माझी छाती नाही. अधिक महिन्यात लेक-जावयाला धोंडे जेवायला बोलवायचं, हा मान तीन वर्षांनी एकदा येतो. आपण तो दिलात, तोही इंग्रजीत, जावई इंग्रजीचा मास्तर म्हणून. 'ऑन संडे. विथ अश्विनी. फॉर धोंडे.' एवढं वाचून शहाण्या जावयानं काय करावं? सदरा इस्त्रीला टाकावा. मी त्या मेसेजचा फोटो काढला, तीन ठिकाणी लाल गोल केले, खाली 'नो व्हर्ब. थ्री आउट ऑफ टेन' असा शेरा मारला आणि सगळ्यांना पाठवून दिला. (वीस वर्षं वह्या तपासल्यावर हाताला सवय लागते. हाताला नातं कळत नाही.) आपल्या धाकट्या ओंकारनं त्यावर हसण्याची चौदा चित्रं टाकली. थोड्या वेळानं आपण तो मेसेज काढून टाकलात.

अश्विनी शनिवारी एकटीच माहेरी निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "आबा त्या सहा शब्दांपायी तीन दिवस बसले हुते. कुणाला सांगू नको म्हणून मला गुपचूप फोन करायचे." रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसलो. बोलावल्याशिवाय धोंड्याला जाता येत नाही, आणि आलेलं बोलावणं मीच नापास केलेलं. दुपारी शेंगदाण्याच्या चटणीशी शिळी भाकरी खाल्ली. सोमवारी मामींचा फोन आला: "जावयबापू, ह्यांनी मोबाईलला हात लावायचा सोडलाय. इंग्रजीचं पुस्तक माळ्यावर टाकलंय. लई हौसेनं आणलं हुतं." त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी नववीला नेमका तोच भाग शिकवायचा होता: फ्रेज कोणती, फ्रॅगमेंट कोणतं, हे कसं ओळखायचं. वीस वर्षं मी एकच दाखला देतो. 'ऑन संडे' हे शब्द वाक्याच्या आत बसले की फ्रेज, पंगतीतल्या पाहुण्यासारखे. तेच पूर्णविराम लावून वेगळे बसले आणि आपणच अख्खी पंगत असल्यासारखे वागू लागले की फ्रॅगमेंट. मग कधी कर्ता आणि क्रियापद असूनही वाक्य अपुरं राहतं, हे दाखवायला मी फळ्यावर लिहिलं, 'बिकॉज माय वाइफ इज नॉट ॲट होम.' (हेच उदाहरण का सुचलं, ते विचारू नका.) पहिल्या बाकावरची राजनंदिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे अर्धंच हाय. त्या घरी न्हाईत, म्हनून पुढं काय झालं?" मला पुढचं लिहिता येईना. खडू हातात घेऊन उभा राहिलो, तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटलो.

तेव्हापासून विचार करतोय. आपल्या घरात पूर्ण वाक्यात बोलतं कोण? आपण शेतातून आलात की मामी विचारतात, "भाकर?" आपण म्हणता, "थोड्यानं." म्हणून कोणी उपाशी राहिलेलं नाही. उरलेलं वाक्य ऐकणाऱ्यानं मनात पुरं करायचं असतं, आणि आपलं माणूस ते करतं. आपल्या सहा शब्दांचं उरलेलं बाकी सगळ्यांना कळलं, चौथी शिकलेल्या मामींनासुद्धा. न कळणारा एकटा मास्तर निघाला. चौसष्टाव्या वर्षी आपण माझ्यासाठी इंग्रजीत दोन पावलं टाकलीत, आणि मी दारातच आपली हजेरी घेतली. मला लाज वाटते, मामा. हे आधीच सांगायला हवं होतं.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. ओंकारला दोन्हींतलं काही नको.

आपला,
गहिनीनाथ

ता. क. : वर 'मी ठीक आहे' लिहिलंय. वाक्य पूर्ण आहे, खरं नाही.

आणखी एक : 'नो व्हर्ब' या माझ्या शेऱ्यातही क्रियापद नाही. अश्विनीला ते त्याच दिवशी दिसलं होतं, काल फोनवर सांगितलं. तेवीस जणांसमोर ती बोलली नाही.

शेवटचं : पत्र सोनईच्या जीपवाल्याजवळ देतोय, उद्या पोचेल. अधिक महिना बुधवारी संपतो, त्याआधी एकच रविवार उरलाय. पुस्तक माळ्यावरून काढा आणि तेच सहा शब्द ग्रुपवर पुन्हा टाका, पूर्णविरामांसकट. क्रियापद मी येताना घेऊन येतो. अश्विनी आता तिथंच आहे, तरी 'विथ अश्विनी' तेवढं गाळू नका. परतीच्या जीपला मला ते लागणार आहे.