आर्सेनियोचं रोप

२९ सप्टेंबर, मालायबालाय

आणखी एक पान पिवळं पडलं. उरली तीन. काळपट हिरवी, शिरा चांदीसारख्या. आमच्या डोंगराबाहेर हे रोप कुठे मिळत नाही, म्हणून शेजारणी खिडकीतून डोकावून जातात.

कुंडीत बोट खुपसून पाहिलं – ओल आहे. आज पाणी नाही. पानं ओल्या फडक्यानं पुसली, कुंडी उन्हातून आत आर्सेनियोच्या फोटोशेजारी आणली. त्याच्या ताटलीत भात आणि सुकी मासळी ठेवली. नवऱ्याला जाऊन आज बावीस दिवस. चाळीस दिवस माणूस घरातच असतो म्हणतात. असू दे की!

४ ऑक्टोबर

नणंद सेलिंग आली. चपला काढायच्या आत सुरू – "वहिनी, हे अजून घरातच? जंगलातल्या न दिसणाऱ्यांना विचारलं नाही, सरळ उपटून आणलं त्यानं. दोन महिन्यांत गेला. आता कुणाचा नंबर लावतेस?"

म्हटलं, डेंगीचा ताप होता. डॉक्टरांनी लिहून दिलंय.

"डॉक्टर जंगलात राहतो का?"

चाळिसाव्या दिवसापर्यंत रोप परत जंगलात लावलं नाही तर तो इथंच अडकेल, असं तिचं म्हणणं. खरं सांगू? मला तो अडकायला हवाय.

९ ऑक्टोबर

नवं पान! पेन्सिलीएवढी गुंडाळी.

११ ऑक्टोबर

पान उलगडलं. टोकाला पाण्याचा थेंब. ही जात जास्तीचं पाणी असं टाकून देते – हे त्यानंच मला शिकवलं होतं.

पण माती चिंब. मी चार दिवस पाणी घातलेलं नाही, आणि घरात मी एकटी. "पुरे रे, मुळं कुजतील," मी मोठ्यानं म्हणाले.

१५ ऑक्टोबर

देठ लिबलिबीत झाला. उकरून पाहिलं – मुळं काळी, घाण वास. कुजकी कापली, बाकीची नारळाच्या काथ्यात बसवली. घरात हे जगत नाही. माझ्या हट्टापायी मरेल. सेलिंगला निरोप धाडला, ये म्हणून.

१७ ऑक्टोबर

चाळिसावा. डोंगरात जाऊन रोप लावलं. सेलिंगनं पानसुपारी ठेवली, म्हणाली, "माझ्या भावाला माफ करा. न विचारता नेलं त्यानं. आता त्याला सोडा."

मी शेजारीच उभी होते.

त्या दिवशी आर्सेनियो विचारायला थांबला होता. मी त्याला हसले, आणि रोप मीच उपटलं.