शिवणघरातली आई

चिरंजीव धाकटीस, तुझ्या दादाचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचलो. गुडघा बरा आहे, उगाच काळजी करू नकोस.

आई सापडली. मनोरुग्णालयाच्या दप्तरखान्यात मी मयतांची जुनी बाडं उपसत होतो. तिचं नाव कुठेच मिळेना. तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, "आजोबा, मेलेल्यांतच का शोधताय? जरा जित्यांत बघू की." आणि आई निघाली कुठे, तर नोकरांच्या जुन्या पगारपत्रकात! बरी होऊन ती तिथेच शिवण शिकवायला लागली होती.

फोटोही आहे. बायका मशीनवर बसल्यात आणि मधे आई उभी, कात्री डाव्या हातात, अगदी तुझ्यासारखी. मला रडू आलं. बाईंनी चहा पाजला.

ती घरी का आली नाही, वडिलांना कळवलं होतं का, हे मी विचारलं नाही. धीर झाला तर उद्या विचारीन.

रात्री कडी नीट लावतेस ना?

फोटोची प्रत आणतोय. वडिलांच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकून ठेव. आणि जन्मभर तुला वेडीची लेक म्हणणाऱ्या जाऊबाईंना चहाला बोलाव.

तुझा,
दादा