यांच्या हाताला बसेल असं रीळ

३ सप्टेंबर

यांचं मनगट सरळ खाली गेलं आणि गळाच्या रॉडचं रीळ टेबलाच्या कडेवर आपटलं! कप थोडक्यात वाचला. हे म्हणाले, "ठेव ते आत." मी म्हटलं, "रीळ जड आहे. हाताचा दोष नाही." जेवायची वेळ होईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

रॉड नवा. यांच्या निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातल्या मित्रांनी दिला. इतका हलका, की हातात आहे की नाही कळू नये. पण वापरायचा मुहूर्त लागलाच नाही. पुढच्याच महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. आणि आज मी त्याला लावलं कोणतं रीळ, तर जुन्या दणकट रॉडचं, लोखंडाचा गोळा! सडपातळ माणसाला थोराड माणसाचा कोट घालावा तसं.

व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणते, "हात हलता ठेवा, नाहीतर आखडेल." म्हणून रोज स्पंजाचा चेंडू दाबायचा, वीसदा. चेंडूत कोणाचा जीव रमणार? मासे पकडायला मात्र हा माणूस न उठवता चारला उठायचा. हातात रॉड आला की हात परत येईल. मला खात्री आहे. फक्त रीळ बरोबरचं हवं.

५ सप्टेंबर

शाळेतून परस्पर गळाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा, तोंडाने फटकळ. "रॉड कुठाय?" म्हटलं, घरी. "मग रीळ कशावर बसवून बघणार, बाई? माझ्या नाकावर?"

मग स्वतःच समजावत बसला. रॉडला रीळ लावायचं. मूठ धरतो तिथे, रिळाच्या जरा पुढे, रॉड एका बोटावर ठेवायचा. आडवा राहिला तर जमलं. टोक खाली गेलं तर रीळ हलकं, वर गेलं तर जड. "नाही जमलं तर दिवसभरात मनगट भरून येतं." यांचं मनगट तर आधीच तसं. उद्या रॉड घेऊन जाणार.

६ सप्टेंबर

चादरीत गुंडाळून नेला बसने. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पडद्याची दांडी का?" हो म्हटलं. कुठे सांगत बसा!

चार रिळं लावून बघितली. तिसरं लावल्यावर रॉड बोटावर असा आडवा राहिला, की म्हाताऱ्यानेसुद्धा मान डोलावली. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण मी ऐकायला थांबलेच नाही. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत तराजू सांभाळले आहेत, तोल म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये! रीळ घेऊन तरातरा घरी आले.

७ सप्टेंबर

फजिती! रिळावर दोरा भरला, हौसेने पुन्हा बोटावर ठेवला, तर टोक वर. दोऱ्याचं वजन मी धरलंच नव्हतं. रिकामं रीळ तोलून आले! म्हातारा तेच सांगत असणार. रिकाम्या आणि भरल्या भांड्याच्या वजनात गोंधळ केला म्हणून किती पोरांना ओरडले असेन मी आजवर.

हे बघत होते. आणि हसले! अर्ध्याच तोंडाने, पण हसले. "दोऱ्यालाही वजन असतं, बाईसाहेब." एप्रिलपासून पहिल्यांदा हसणं ऐकलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला आणि रडून घेतलं.

बाहेर आले तर म्हणतात, "बदलायला मी येतो." दवाखाना सोडून हा माणूस पाच महिन्यांत घराबाहेर पडलेला नाही!

९ सप्टेंबर

दुकान बंद. चेंडू वीसदा. खरं तर अठराच झाले. मी वीस म्हटलं.

१० सप्टेंबर

गेलो. दोन जिने, बस, पुन्हा रस्ता ओलांडणं. सगळ्याला तास लागला. पण आले.

म्हाताऱ्याने यांना खुर्ची दिली आणि मला सुनावलं, "त्या दिवशीच थांबला असता तर?" या वेळी मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याने दोरा भरलेली रिळं काढली. मी रॉड यांच्यापुढे केला, तर म्हणाले, "तूच धर. माझ्या बोटाला काही कळत नाही."

मग यांनी मला उभं करून एकेक रीळ लावून घेतलं. "बोट जरा मागे घे. आता मूठ धर. टाकल्यासारखं कर. मनगटावर ताण येतोय?" येतोय म्हटलं की, "नको हे." असं करत पाच नाकारली! म्हाताऱ्याने उसासा टाकला. सहावं लहानसं, करड्या रंगाचं. रॉड बोटावर सरळ राहिला, मूठ मिटली तरी ताण नाही. "हेच," म्हणाले. जुन्या दिवसांतला आवाज होता तो, कारखान्यात माणसांना कामाला लावणारा.

मी म्हटलं, "अहो, पण तुमचा पंजा माझ्या दीडपट आहे. तुम्हाला लहान नाही होणार?" म्हणाले, "चालेल." वाद घातला नाही. माणूस दुकानापर्यंत आला हेच माझ्यासाठी पुष्कळ होतं.

१३ सप्टेंबर

तळ्यावर! यांना स्टुलावर बसवलं. "आधी तू टाक, रीळ कसं चालतं बघू." मला काय येतंय! शिकवलं — दोरा बोटावर अडकव, रिळावरची तारेची कमान उघड, झटका दे आणि बोट सोड. पहिल्यांदा गळ मागच्या झुडपात. दुसऱ्यांदा माझ्याच स्वेटरला. "मोठा मासा लागला," म्हणाले. आठव्यांदा पाण्यात पडला.

ऊन चढेपर्यंत मीच टाकत होते. तुम्ही कधी धरणार, विचारलं. "उद्या."

१४ सप्टेंबर

आजही मीच. एक मासा मिळाला, वीतभर. जाळी यांनी डाव्या हाताने धरली. शेजारी गळ टाकणारा माणूस यांना म्हणाला, "वहिनींचा हात चांगला आहे." हे केवढे खूश!

मी नाही. मला माझा हात नको होता.

१७ सप्टेंबर

भांडले. तळ्यावर, लोकांसमोर. "एवढी वणवण केली ती कोणासाठी? एकदा तरी धरा!" तो शेजारी गळ टाकणारा दुसरीकडे बघायला लागला. यांनी उजवा हात पुढे केला. मी रॉड तळव्यात ठेवला, बोटं एकेक करून मिटवली, माझा हात काढून घेतला.

रॉड चिखलात पडला. टोक मोडलं नाही. मी रीळ पुसून घेतलं. असं करायला नको होतं मी.

परवा तपासणी आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारणार, अजून किती दिवस.

१९ सप्टेंबर

विचारलं. डॉक्टर यांच्याकडे बघत राहिले. हे म्हणाले, "सांगा आता तिला."

हात परत येणार नाही. यांना हे एप्रिलमध्येच सांगितलं होतं, दवाखान्यातून सोडताना. "बायकोला एवढ्यात नको," असं हेच म्हणाले होते.

जिना उतरताना म्हणाले, "रीळ तुझ्याच हाताला बघून घेतलं. मला तळं सोडवत नाही गं. तू टाक, मी शेजारी बसतो. उद्या जायचं ना?"

मी मानेनेच हो म्हटलं.