भूगोलात एकतीस

२ जानेवारी, सकाळी ६.४०
उठलो. ठरलं होतं पाच. तरी सुरुवात चांगलीच म्हणायची, काल साडेआठ झाले होते.

कन्येला सतरावं लागलं. सप्टेंबरमध्ये कॉलेज. आठ वर्षं मी तिला घरीच शिकवतोय, आता त्याचं फळ दिसायची वेळ आली. संकल्प: मार्चअखेर सगळं विज्ञान संपवणे. गणित रोज दोन तास. न रागावणे. ही रोजनिशी रोज लिहिणे आणि कुणालाही न दाखवणे.

नवं टाइमटेबल भिंतीवर लावलं. चार रंगांत. कन्येनं ते वाचलं आणि एवढंच म्हणाली की दुपारी दोन ते चार मौनचिंतन आहे ना, ते तेवढं काढू नका. पोरीला चिंतनाची गोडी लागली. मीही त्या वेळात चिंतन करतो. आडवा होऊन.

९ जानेवारी
रोजनिशी आठवडाभर राहिली. टाइमटेबलमधला हिरवा रंग पुसट आला होता, ते सगळं पुन्हा करावं लागलं.

११ जानेवारी
गणित. पहिलंच उदाहरण अडलं. माझं. पुस्तकात छपाईची चूक असणार, असं सांगितलं. कन्येनं वही ओढून घेतली आणि तीन ओळींत पुस्तकातलंच उत्तर काढून दाखवलं. ही माझी पद्धत आहे. शिक्षकानं मुद्दाम मागे राहायचं म्हणजे विद्यार्थी पुढे जातो.

रात्री जेवताना हे बायकोला सांगितलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर नळ्या हलवून दमून येते. तिनं फक्त विचारलं, मुद्दाम का?

२० जानेवारी
कॉलेजचे फॉर्म आले. घरी शिकलेल्यांसाठी वेगळी पुरवणी आहे. तीत शाळेचे प्रमुख, विषयशिक्षक, परीक्षक आणि समुपदेशक यांच्या सह्या लागतात. चारही जागी मीच. चार वेगवेगळ्या पेनांनी केल्या.

वर्गातला क्रमांक: पहिला. वर्गातले एकूण विद्यार्थी: एक. हे लिहिताना अभिमान वाटला.

शिक्का करायला टाकला. नुसतं ‘मुख्याध्यापक’. शिक्केवाल्यानं विचारलं, शाळा कुठली? म्हटलं, घरची. तो म्हणाला, मग शाई लाल देऊ की निळी.

२४ जानेवारी
फॉर्ममध्ये रकाना: आधीची शाळा सोडण्याचं कारण. ‘शैक्षणिक मतभेद’ असं लिहिलं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. चौथीत तिला निबंध होता, माझा आवडता पक्षी. तो मी लिहून दिला होता. बगळ्यावर. बाईंनी दहापैकी सहा दिले आणि खाली शेरा मारला, ‘भाषा फुगवू नये.’ दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेतून काढलं. जिथे प्रतिभेची कदर नाही तिथे मुलीला ठेवायचं कशाला? तिच्या भल्यासाठीच केलं सगळं.

३ फेब्रुवारी
गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. कन्येचे बुटांचे खोके, मोजले तर सोळा. सगळ्यांत दगड. एकेका दगडाला चिठ्ठी, त्यावर बारीक अक्षरात तारीख आणि कुठे सापडला ते. अक्षर फार सुरेख आहे हो तिचं, माझ्याकडून आलंय. खोके टाकून देऊ का, असं विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की विषय बदलला.

८ फेब्रुवारी
गुणपत्रक तयार करायचंय. आठ वर्षांचं. अडचण एवढीच की आठ वर्षांत एकही परीक्षा घेतलेली नाही. माझा परीक्षांना तत्त्वतः विरोध आहे (आणि पेपर तपासायला वेळ कुठे असतो? मी घरी बसून मिक्सर आणि वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करतो, तेच पुरे होतं).

तेव्हा आठवून आठवून गुण लिहिले. सगळीकडे नव्वदच्या वर.

९ फेब्रुवारी
रात्रभर डोळा लागला नाही. बापानं मुलीला सगळीकडे नव्वद दिले तर कोण विश्वास ठेवील? हसतील लोक. गुणपत्रक खरं वाटलं पाहिजे. आणि खऱ्या गुणपत्रकात कुठेतरी एक खड्डा असतोच.

म्हणून दहावीत तिला नापास करायचं ठरवलं. एकाच विषयात. गणितात केलं तर कॉलेज घाबरेल. भाषा तर मी शिकवली. शेवटी भूगोल निवडला. भूगोलानं आजवर कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. शंभरात एकतीस. शेरा: ‘नकाशा समोर आला की गोंधळते.’ (हे माझं आहे. पण अनुभवातून लिहिलेलं खरं उतरतं.)

शिक्का मारला. लाल. असं सुंदर गुणपत्रक मी दुसरं पाहिलं नाही.

१५ फेब्रुवारी
मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र लिहिलं. ‘सदर विद्यार्थिनी योग्य काळजी घेतल्यास दीर्घकाळ उत्तम कामगिरी देते. तिच्यावर अवाजवी भार टाकू नये.’ पुढची तीन पानं माझ्या शिक्षणपद्धतीवर. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, अहो, पोरीचं पत्र आहे की मिक्सरचं? आणि त्यात ती आहे कुठे? म्हटलं, पद्धत कळली की मुलगी कळतेच.

१९ फेब्रुवारी
फॉर्म पाठवला. शाळेचा भाग मी भरला, विद्यार्थ्याचा भाग तिनं. तिचा मी वाचलासुद्धा नाही. एवढा विश्वास. शिवाय विषय ठरलेलाच आहे, तत्त्वज्ञान. मागच्या वर्षीच मी ठरवला.

१२ मार्च
मुलाखतीची तालीम. मी प्राध्यापक झालो, बायकोचा पांढरा कोट घालून. पंचेचाळीस मिनिटं झकास मुलाखत झाली. त्यातली दोनेक मिनिटं कन्या बोलली. मला वाटतं, तयारी पूर्ण आहे.

विज्ञान मार्चअखेर संपायचं होतं. अजून सुरू झालेलं नाही, पण सुरू झालं की संपेलच.

६ एप्रिल
कॉलेजचं पत्र आलं. मजकूर असा: आपल्या कन्येनं भूशास्त्र या विषयासाठी अर्ज केला आहे. तिचा स्वतः लिहिलेला भाग समितीला अतिशय आवडला. मात्र या विषयाला दहावीचा भूगोल उत्तीर्ण असणं सक्तीचं आहे, आणि शाळेनं तिला त्यात एकतीस गुण दिले आहेत. सबब अर्ज नामंजूर. वीस मेपर्यंत योग्य ते प्रमाणपत्र आल्यास फेरविचार होईल.

भूशास्त्र! दगडांचं शास्त्र असतं म्हणे. मला कुणी सांगितलंच नाही.

पत्र शब्दकोशात लपवलं. घरात कुणी तो उघडत नाही.

८ एप्रिल
उपाय सापडला. शाळेनं नापास केलं, तर शाळाच पुनर्मूल्यांकन करू शकते. एकतीसचे एक्क्याण्णव केले. शिक्का मारला. कॉलेजात फोन लावला.

कारकून सभ्य होता. त्यानं विचारलं, आधी पेपर कुणी तपासला होता? म्हटलं, मी. आणि आता कुणी तपासला? मी. त्यानं दोन्ही उत्तरं लिहून घेतली. मग म्हणाला, साहेब, तुमच्या दोघांपैकी आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा ते एकदा ठरवून कळवा. मूळ उत्तरपत्रिका तरी पाठवा, असंही म्हणाला. उत्तरपत्रिका नाही म्हटल्यावर त्यानं बाहेरचा परीक्षक, मान्यताप्राप्त शाळा, लेखी परीक्षा, असं काहीबाही सांगून फोन ठेवला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

९ ते १४ एप्रिल
तब्येत बरी नाही. वर्ग बंद. कन्या रोज टपालपेटी बघून येते आणि आत जाते. बघवत नाही.

१५ एप्रिल
बायकोनं शब्दकोश उघडला. तिला म्हणे एक शब्द अडला होता. आठ वर्षांत तिला शब्द अडला नाही, तो आजच अडावा!

पत्र वाचून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, तिला तुम्ही सांगायचं. आज. मी कामावरून येईन तेव्हा तिला ते कळलेलं असलं पाहिजे.

१५ एप्रिल, संध्याकाळ
सांगितलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. विचारलं, बाबा, मी ही परीक्षा कधी दिली होती? म्हटलं, दिली नव्हतीस. मग नापास कशी झाले? मी समजावलं, की अगं, सगळं चांगलं दाखवलं असतं तर लोकांचा विश्वास बसला नसता. त्यावर ती म्हणाली, लोकांचा की तुमचा? मी खरंच हुशार असेन, हे तुम्हाला एकदाही वाटलं नाही?

  ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१७ एप्रिल
मान्यताप्राप्त शाळा चालत जाण्याच्या अंतरावर एकच आहे. तीच. बगळ्याची.

आज जायचं ठरलं होतं. फाटकापर्यंत गेलो. गणवेशातली मुलं पाहून परत आलो. चपलेचा अंगठा तुटायला आला होता, उगाच नको म्हटलं.

१८ एप्रिल
अंगठा शिवून आणला.

१९ एप्रिल
गेलो. निबंधाच्या बाई आता मुख्याध्यापिका झाल्यात. खऱ्या. त्यांच्या टेबलावर शिक्का आहे, त्यावर शाळेचं नावही आहे. त्यांनी मला लगेच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा रुमाल तोंडाला लावला, खोकला असावा. मग विचारलं, म्हणजे परीक्षा न घेता नापास केलंत? आमच्याकडे निदान परीक्षा घेऊन करतात.

गिळलं. गिळावंच लागलं. म्हटलं, बाई, चूक माझी आहे, मुलीची नाही. हे वाक्य घरून पाठ करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, सात मेला दहावीच्या मुलांची फेरपरीक्षा आहे, तिला पाठवा.

२० एप्रिल
सतरा दिवस आहेत. भूगोलाचं नवं टाइमटेबल केलं, सहा रंगांत. कन्येच्या दारावर लावायला गेलो. ती दार उघडून म्हणाली, बाबा, प्लीज. मग ते खाली स्वयंपाकघरात लावलं. बायको त्यावर दुधाचा हिशोब लिहिते.

७ मे
कन्या परीक्षेला गेली. मी सोबत येतो म्हटलं. नको म्हणाली. तरी गेलो, शंभर पावलं मागून. रस्ता चुकलो. पोचलो तेव्हा पेपर सुटला होता.

१२ मे
शहाण्णव.

निकाल द्यायला मुख्याध्यापिका स्वतः फोनवर आल्या. त्यांनी तिला विचारलं होतं म्हणे, कुणी शिकवलं? तिनं सांगितलं की दोन वर्षं रोज दुपारी दोन ते चार ती वाचनालयात जाऊन बसते. तिथल्या बाईंनी तिला भूशास्त्राची सगळी पुस्तकं बाहेरून मागवून दिली.

दोन ते चार म्हणजे मौनचिंतन. आणि मी पलीकडच्या खोलीत घोरत होतो.

तरी ते टाइमटेबलमध्ये घातलं कुणी? मीच ना? हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हो, तुमची झोप तिला फार उपयोगी पडली.

४ जून
प्रवेश मिळाला! कन्या आईच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मी शेजारीच उभा होतो. थोड्या वेळानं तिनं एक हात लांब करून मलाही आत ओढलं. इतकं हलकं वाटलं, की काय लिहू.

पत्रात पुढे एक ओळ आहे. मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र समितीनं वाचलं, मात्र निर्णय घेताना विचारात घेतलं नाही. कामाच्या गर्दीत राहिलं असेल.

२ सप्टेंबर, बसमध्ये
तिला सोडून परत निघालोय. बायकोला रजा नव्हती, म्हणून मीच गेलो. तीन तासांचा प्रवास. वाटेत सांगायला वसतिगृहातील आचरणाचे बावीस मुद्दे काढून नेले होते. तिसऱ्या मुद्द्याला ती झोपली.

कॉलेजच्या कचेरीत तिच्याबरोबर आत शिरलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, आपण कोण? मुख्याध्यापक म्हणणार होतो. तो म्हणाला, पालकांनी बाहेर बसायचं.

बाहेर बसलो. अर्ध्या तासानं ती आली. निरोप घ्यायची वेळ झाली. मग मी आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं, काय गं, या दगडांत तुला एवढं काय दिसतं?

तिचा चेहरा बदललाच. मला हाताला धरून इमारतीच्या पायऱ्यांशी नेलं. पायरीच्या दगडात तिरप्या रेघा होत्या. खाली वाकून बोटानं दाखवत म्हणाली, हे बघा, ही वाळू आहे. पाण्यानं आणून टाकलेली. या रेघा जिकडे उतरत्या आहेत ना, तिकडे पाणी वाहत होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, पण इथे बांधकामाच्या वेळी एवढं पाणी आलं कुठून?

ती हसली नाही. पुन्हा सांगितलं, की पायरी इथली नाही, दगड खाणीतला, आणि पाणी कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. कळलं का, असं विचारलं. हो म्हटलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तिसऱ्यांदा सांगितलं, सावकाश, मातीत काडीनं रेघा काढून. तेव्हाही नाही कळलं. रागावली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, असू दे बाबा, सगळ्यांना सगळं यावंच असं नाही.

मग ती आत गेली. बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं. खिडकीची जागा होती ते बरं झालं.

वाक्य फार चांगलं आहे. शिकवणाऱ्यानं कधीतरी म्हणावंच असं. शाळेच्या नियमावलीत पहिलंच घालायचं, असं ठरवून पेनही काढलं. मग लक्षात आलं, पटसंख्येअभावी शाळा आजपासून बंद आहे.