पाचशे ऐंशी किलोचं स्थळ

३ नोव्हेंबर, सोमवार
नांदेडचं कॉलेज सोडून आज वर्ष झालं. थर्ड इयर मेकॅनिकल. एचओडी म्हणाले, तुला हे जमणार नाही. मी ड्रॉइंग शीट त्यांच्यासमोर फाडली अन् लातूरला आलो. आता पस्तावत असतील.

आजपासून नवीन आयुष्य. स्पोर्ट्स कार. विकत नाही, बनवायची. लोकांना वाटतं पॉवर पाहिजे. येडे लोक. वजन कमी केलं की छोट्या इंजिनाची गाडीसुद्धा पटकन उचलते, पटकन थांबते, वळणावर कलत नाही. अन् आपल्यासारख्याला परवडते. घरची जुनी मारुती ८०० आहेच. साडेसहाशे किलो.

कारण मंजुश्री. लातूरजवळच्या मुरुडची. इथं क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते, रोज एसटीनं येते-जाते. दोन सीटच्या गाडीत ती अन् मी. तिसरं माणूस बसूच शकत नाही. हा फायदा कुठल्याच रिव्ह्यूत लिहीत नाहीत.

७ नोव्हेंबर
मागचं सीट काढलं. स्टेपनी, जॅक, मॅट, टेप, सगळं काढलं. आता पाचशे ऐंशी. नागप्पा मिस्त्री म्हणाला, संगमेशभाऊ, अजून काढलं तर नंबर प्लेटच राहते. याला व्हिजन नाही.

सीट भंगारात दिलं, नाहीतर अण्णा, म्हणजे वडील, परत बसवतील. अण्णांनी गाडी बघितली. मग आईला, अव्वाला म्हणाले, चहा ठेव.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६
टेस्ट. मुरुड रस्ता सरळ, वळणाला वाव नाही. म्हणून गंजगोलाई, बाजारातला मोठा गोल चौक. सोळा चकरा. एकच वळण, पण संपतच नाही. स्टिअरिंगमधून एकेक खडा हाताला कळून राहिला. डोळ्यांत पाणी आलं. भाजीवाल्या मावशीनं विचारलं, बाळा, घर सापडंना का?

१५ नोव्हेंबर
मंजुश्री गाडीत बसली! स्टँड ते क्लास. म्हणाली, लई आवाज येऊन राहिला. मी म्हणालो, तीच तर मजा.

उतरताना म्हणाली, पुढच्या रविवारी, तेवीसला, दुपारी दोनला उदगीरचे मला बघायला येणार आहेत. तुझ्या मनात काही असलं तर त्याच्या आधी घरच्यांना पाठव. आमचे अप्पा पोरासोरांशी लग्नाचं बोलत न्हाईत.

म्हणजे होच.

२१ नोव्हेंबर
अण्णा तयार. रीतीनं मोठ्या चौघांनी जायचं. अण्णा, अव्वा, मामा अन् अण्णांचे थोरले भाऊ शिवशंकर काका. अण्णा म्हणाले, जीप सांगू, न्हाई तर एसटी हाय. डोकंच फिरलं. माझ्या लग्नाची बोलणी अन् एसटीनं? ताट ढकललं. माझीच गाडी जाणार. एकेकाला नेतो. चार चकरा. सकाळी सातला सुरू केलं की सव्वाबाराला चौघं हजर. उदगीरवाले यायच्या आत विषय खल्लास.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
वयाचा मान म्हणून काका पहिले. काकांची लिंगपूजा पावणेनऊला संपली. पूजेत घाई चालत नाही. साडेनऊला त्यांना मुरुडला सोडलं.

दुसऱ्या चकरेत अण्णा. अर्ध्या रस्त्यात पंक्चर. स्टेपनी घरी. आमच्यासमोरून तीन एसट्या गेल्या. अण्णा प्रत्येकीकडं बघून माझ्याकडं बघायचे. मी म्हणालो, इज्जतीचा प्रश्न आहे. शेवटी रस्त्यावरच्या चार पोरांनी गाडी नुसत्या हातांनी उचलून धरली अन् मी चाक काढलं. (नोंद: वजन कमी केल्याचा फायदा.) पंक्चरवाला जेवायला गेलेला.

पावणेचारला पोचलो. दारात जीप. आत उदगीरची अकरा माणसं. मधोमध काका, डोक्याला फेटा. सुपारी फुटली होती, म्हणजे लग्न ठरलं होतं. फोडली काकांनी. बैठकीत वयानं तेच मोठे.

बाहेर आणून विचारलं, काका, हे काय केलं? काका म्हणाले, पोराच्या बापाबिगर तुझा विषय मी कसा काढू? अन् मान देऊन सुपारी हातात ठेवली तर न्हाई कसं म्हणू? पोरगा चांगला हाय रे, बँकेत हाय.

मंजुश्रीनं मलाही पोहे दिले. हळूच म्हणाली, दोन वाजेपर्यंत दारातच उभी होते.

खाल्ले. काय करणार.

२४ नोव्हेंबर
गाडी पेटवून देणार. ठरलं.

२५ नोव्हेंबर
पेटवायला पेट्रोल लागतं. अण्णा देत नाहीत.

७ डिसेंबर, रविवार
मंजुश्रीच्या अप्पांचा, शरणप्पांचा फोन. लग्नाच्या पत्रिका वाटायच्यात, आपण दोघंच जाऊ, तुझी गाडी बारक्या गल्लीत शिरते. मी ठामपणे नाही म्हणणार होतो. तोंडातून हाव निघालं.

दिवसभर हिंडलो. ते शेजारच्या सीटवर, मांडीवर पत्रिकांचा गठ्ठा. किल्लारीच्या अलीकडं एक वळण रागानं जोरात घेतलं. शरणप्पांनी डॅशबोर्ड धरला. मग हसायलाच लागले. म्हणाले, आरं, ही तर जमिनीला चिकटून पळती की! कुणी बनवली? मी म्हणालो, मी. म्हणाले, लेका, डोकं हाय तुला. आधी का न्हाई आलास आमच्याकडं?

परत ते वळण घ्यायला लावलं. तीनदा घेतलं.

उद्या सकाळी सातला बोलावलंय. अजून एकशे चाळीस पत्रिका राहिल्यात.